आधी भजी, मग मासळी

रानात जाऊन जेवण करायचं म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढं बिर्याणीची देग नाहीतर मटणाचं पातेलं येतं. आम्हा जुन्या नाशकातल्या दोस्तांच्या सहली मात्र वर्षानुवर्षं एका कढईवर चालत आल्या आहेत. तंबू, सतरंज्या विसरल्या तरी निभतं. पण कढई, झारा आणि तेलाचा डबा गाडीत सगळ्यांत आधी चढतो. मोहल्ल्यातले आम्ही पाच-सहा जण, पंचवटीकडचे तिघे आणि एक जैन दोस्त. मुक्काम ठरलेला, गंगापूर धरणाच्या पाणलोटाकडं एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावर.

कढईच का, असं आम्हाला पुष्कळदा विचारतात. बिर्याणी शिजवून ठेवता येते, वाटून देता येते, डब्यात भरून नेता येते. खाणारे दहा ठिकाणी बसले तरी तिचं काही बिघडत नाही. तळणाचं तसं नाही. भजं कढईतून निघालं की गरम आहे तोवर खावं. अर्ध्या तासानं तेच भजं मऊ पडतं, तेलकट लागतं. त्यामुळं खाणाऱ्यांना चुलीभोवतीच बसावं लागतं. एक घाणा उतरतो, परात फिरते, दुसरा घाणा पडतो. मधल्या वेळात गप्पा होतात. माणसांना तासन्‌तास एका जागी बसवण्याची ही ताकद दुसऱ्या कुठल्या पदार्थात आम्हाला तरी दिसली नाही.

पण रानातलं तळण सोपं नसतं. गॅसची शेगडी कान पिळला की ऐकते, लाकूड ऐकत नाही. तीन धोंडे असे मांडावे लागतात की कढईचा गोल बूड त्यांच्यात घट्ट बसेल. डुगडुगणाऱ्या चुलीवर उकळतं तेल म्हणजे संकटाला आमंत्रण. वाऱ्याच्या बाजूला आणखी दगड रचायचे. सरपण वाळलेल्या बाभळीचं असलं तर उत्तम. जाळ चांगला आणि निखारा टिकाऊ. ओलं लाकूड नुसता धूर करतं. गोवरी सावकाश धुमसते, ती कालवणाला बरी, तळणाला तिचा उपयोग कमी. तेल तापलं का ते पाहायला पिठाचा थेंब सोडायचा. तळाशी बसून राहिला तर तेल थंड, पडताच काळवंडला तर जास्त तापलेलं, बुडून लगेच वर आला तर बेत जमला. आच कमी करायची तर जळती लाकडं मागं ओढायची, एवढाच उपाय. आणि कढईएवढं झाकण हाताशी हवंच. तेलानं पेट घेतला तर त्यावर पाणी टाकायचं नसतं, झाकण ठेवायचं असतं. हे प्रत्येक नवख्याला आम्ही आधी सांगतो.

सहलीचा वार ठरवणं ही मात्र चूल मांडण्यापेक्षा अवघड गोष्ट. सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. शुक्रवारी आमचा जुम्मा. बुधवारी सगळेच कामावर. उरतो रविवार, आणि त्या रविवारी एकादशी नसावी म्हणून कॅलेंडर पाहायचं. मटणाचं काढलं तर ते कोणत्या दुकानातून आणायचं इथपासून सुरुवात. मासळीनं हा प्रश्न सोडवला. मासळीला आमच्याकडं जबह लागत नाही, त्यामुळं ती कुणीही आणावी, कुणीही साफ करावी. पंचवटीचा दोस्त रोहू किंवा कटला घेऊन येतो, तुकडे फडक्यानं कोरडे टिपतो. ओल्या तुकड्यानं तेल अंगावर उडतं, हे तो आमच्याचकडून शिकला आणि आता आम्हालाच शिकवतो.

मात्र कढई एक आणि खाणारे नाना तऱ्हेचे. म्हणून आमच्यात एक क्रम पडून गेला आहे. तेल कोरं, कढई राखेनं घासून लख्ख. पहिला घाणा ओव्याच्या पानांचा, कच्च्या केळ्याचा आणि हिरव्या मिरचीचा. हा जैन दोस्तासाठी, कारण कांदा-बटाटा त्याला चालत नाही. दुसरा कांद्याचा. लासलगाव ज्या जिल्ह्यात आहे त्या जिल्ह्यात कांदाभज्यांचं कौतुक काय सांगावं! कांदा उभा चिरून मीठ लावून ठेवायचा, त्याला सुटेल त्या पाण्यातच बेसन भिजवायचं, वरून पाणी घालायचं नाही. आणि सगळ्यांत शेवटी हळद, मीठ, आलं-लसूण, तिखट लावलेली मासळी. हा क्रम उलटला तर दोघातिघांना उपाशी बसावं लागेल. सुलटा ठेवला तर एकाच तेलात सगळ्यांचं पोट भरतं. कुणाला आपलं काही सोडावं लागत नाही, थोडं थांबावं लागतं इतकंच. थांबतो तो मासळीवाला, म्हणजे बहुतेक वेळा आम्हीच.

जैन दोस्त दिवस मावळल्यावर खात नाही. रमजानात आमचा रोजा दिवस मावळल्यावर सुटतो. रमजानातल्या एखाद्या रविवारी धरणावर गेलो की पहिला घाणा तो उन्हं असताना खाऊन घेतो, आणि सूर्य बुडाला की आमच्यापुढं खजूर व भज्यांची परात सरकवतो. एकाचं जेवण जिथं संपतं तिथं दुसऱ्याचं सुरू होतं, तळणारे हात तेच. 2010, 2011 आणि 2012 या तीन वर्षी श्रावण आणि रमजान जवळजवळ जोडीनं चालले. 2010 साली तर रमजान ईद आणि गणेश चतुर्थी 11 सप्टेंबर या एकाच दिवशी आली. त्या वर्षांत महिना महिना आमच्या कढईत मासळी पडली नाही. पंचवटीकरांचा श्रावण आणि आमचा इफ्तार, दोन्ही कांदाभज्यांवर निभावले.

सगळं असंच गोड चाललं आहे असं म्हणणं खोटं ठरेल. काही वर्षांपूर्वी एका दोस्ताचा जावई बरोबर आला. परात त्याच्यापुढं गेली तेव्हा त्यानं हात जोडले, "मला तुमच्या कढईतलं चालणार नाही," म्हणाला, आणि पिशवीतला चिवडा काढून बाजूला बसला. घाणा खाली उतरला होता, पण कुणाचा हात पुढं होईना. सासऱ्याची मान खाली गेली. आमच्यातल्या एकदोघांना ते फार लागलं. घरी परतेपर्यंत ते बोलले नाहीत. आम्ही आग्रह केला नाही. माणसाच्या घशाखाली आग्रहानं घास जातो, मन जात नाही.

पुढच्या सहलीला जावई पुन्हा आला, स्वतःची लहान कढई घेऊन. आमच्यातला जो सर्वांत जास्त दुखावला होता त्यानंच उठून आणखी तीन धोंडे शोधले, आमच्या चुलीशेजारी हातभर अंतरावर मांडले आणि आमच्यातलं एक जळतं लाकूड त्याच्या चुलीत सरकवलं. त्या दिवशी दोन कढया तळत होत्या. तेल वेगळं, विस्तव एक. त्याच्या मिरच्या जास्त तिखट निघाल्या, तो पाण्यासाठी ओरडला, आणि तांब्या आमच्याकडून गेला. तो त्यानं घेतला.

तेव्हापासून आम्हाला वाटतं, कढया दोन झाल्या म्हणून काळजी करू नये. दोन चुलींत अंतर किती, ते पाहावं. हातभर असेल तर लाकूड देता येतं, तांब्या देता येतो, थट्टा करता येते. खरी धास्ती वाटते ती न येणाऱ्यांची. "या वेळी आमचं आम्ही करतो," असा निरोप गेल्या काही वर्षांत दोन घरांतून आला. त्यांच्यासाठी मांडायला आमच्याकडं धोंडे आहेत. पण माणूसच नसेल तर चूल कुणासाठी मांडायची?

उठताना दोन गोष्टी आम्ही न चुकता करतो. उरलेलं तेल डब्यात भरून परत आणतो आणि कढई धरणात धूत नाही, कारण तेच पाणी नाशिक पितं. आणि विस्तव पुरता विझवतो. फाल्गुन-चैत्रात गवत वाळलेलं असतं, एक ठिणगी डोंगर काळा करते. राखीव जंगलात तर विस्तव पेटवायला 1927 च्या वन कायद्यानंच बंदी आहे, म्हणून तर आम्ही शेताच्या बांधावर बसतो. निजण्यापूर्वी विस्तव विझवावा ही हदीस आम्ही घरात लहानपणापासून ऐकली. पाणी ओतायचं, राख ढवळायची, पुन्हा ओतायचं, मग हाताची मागची बाजू राखेजवळ नेऊन पाहायची. धोंडे मात्र काळे झालेले तसेच बांधाच्या कडेला ठेवून येतो, सहाच्या सहा.