माळवदावरची माती

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला धरणी हलली. दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदं झोपेतल्या माणसांवर कोसळली, हजारो गेले. बिलोलीतल्या आमच्या वाड्याची खपली निघाली नाही, पण धास्ती तेव्हापासूनची. जो तो स्लॅबच्या मागे लागला. गल्लीतले वाडे एकामागून एक उतरले, सागवानी तुळया विकल्या गेल्या.

आमच्या भाऊबंदांचंही म्हणणं तेच: पाडा. मी अडून बसलो. एका जुन्या मिस्त्रीला आणलं. खांब ठोकून बघत तो म्हणाला, "मालक, लाकूड चांगलं हाय. आधी वरची माती उतरवा."

मृगाआधी माळवदावर पांढरी माती टाकून चोपायची, ही जुनी रीत. गळलं की नवी टाकायची, जुनी काढायची नाही. खणलं तर काही खणांवर हातभर थर! ही माती पाणी झिरपू देत नाही, म्हणून गावोगावच्या गढ्या खणून आणायची. घरं राखता राखता गढ्या गेल्या, त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

वीतभर माती ठेवून बाकी उतरवली. भिंत जाडजूड दिसते, पण दगडांच्या दोन पाळी आणि मधे नुसता भराव. हादऱ्यानं पाळी फाकतात. म्हणून दोन्हींना धरणारे लांब दगड आरपार बसवले, खांब-तुळईच्या कोनांत तिरपे टेकू दिले. किल्लारीनंतर अभियंत्यांनी हेच सांगितलं होतं. आमच्यापर्यंत फक्त स्लॅब पोचला.

ढाळजेचं काय करायचं, ते मिस्त्रीच्या हातचं नव्हतं. पूर्वी तिथं मराठी, तेलुगू, उर्दू एकाच बैठकीत चालायची. निजामाच्या मुलखातलं, तेलंगणाला चिकटलेलं गाव आमचं. गावातली नवाब सरफराजखानांची दगडी मशीद औरंगजेबाच्या काळातली. खान त्याच्या सैन्यातले अधिकारी. दगड भक्कम खराच, पण तिथं रोज माणसं येतात, हेही तिच्या टिकण्याचं कारण. आमच्या ढाळजेत मात्र कित्येक वर्षं नुसतं कुलूप होतं. काम चालू असताना शेजारचे म्हातारे येऊन बसू लागले, मिस्त्रीच्या चुका काढू लागले. चहाचा खर्च वाढला.

वाड्याचं खरं वाटोळं केलं ते वाटण्यांनी. चुलत्यांच्या हिश्श्याची विटांची भिंत चौकाच्या मधोमध उभी आहे. तिच्यामुळे पावसाचं पाणी आमच्या ओसरीकडे वळतं. ती काढायला सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या लागतात. दोन पुण्यात आहेत, एक हैदराबादेत. हैदराबादवाल्यांनी होकार कळवलाय. पुणेकर म्हणतात, दिवाळीला आल्यावर बघू.