ज्याचं फुलतं त्याला

ज्याचं जळतं त्याला कळतं, असं आपण येता-जाता म्हणतो. पण ही म्हण फक्त जळण्याबद्दलच बोलते. ज्याचं फुलतं त्याला कळतं, असं काही आपण म्हणत नाही. दुसऱ्याचं दुःख आपल्याला पुरतं कळायचं नाही हे आपण कबूल करतो. त्याचं सुख मात्र लांबूनही मापता येतं असं धरून चालतो. आंबेगाव तालुक्यातल्या आहुपे गावाच्या कड्यावरून खाली कोकण पाहताना शहरातला माणूस एक तर म्हणतो, काय भाग्य यांचं. नाहीतर म्हणतो, कसे राहतात इथे! दोन्ही निकालच, आणि दोन्हींत आहुप्यातल्या महादेव कोळी आदिवासींची साक्ष घेतलेली नसते.

साक्ष तोंडीच असते असंही नाही. तिथली भैरवनाथाची देवराई भीमाशंकर अभयारण्याच्या, म्हणजे १९८५च्या, कितीतरी आधीची. पडकईत उतारावरची भातखाचरं आळीपाळीने एकमेकांसाठी घडवली जातात. बाळहिरडा कोवळा असतानाच उतरवतात, उन्हात घालतात. हिरवं फळ सुरकुतून काळं, खडखडीत होतं. आयुर्वेद हिरड्यात खारट सोडून पाचही रस मानतो, पण जिभेला आधी लागतो तो तुरटपणा. तिथेच थुंकून टाकणाऱ्याला बाकीचे चार कसे सापडावेत? इतकी निगराणी, इतकी देवाणघेवाण ज्या जगण्यात आहे, ते जगणाऱ्यांना नकोसं असेल हे मला पटत नाही.

यावर अमर्त्य सेन यांचा आक्षेप मोलाचा आहे: कायम वंचित राहिलेला माणूस अपेक्षाच आखडून घेतो, म्हणून त्याच्या समाधानावर विसंबू नये. ३० जुलै २०१४ रोजी याच आंबेगाव तालुक्यात माळीणवर डोंगर कोसळला, १५१ माणसं गेली. त्यानंतर ‘त्यांचं त्यांना गोड’ म्हणणं निर्दयपणाच. पण हाच नियम लोकलच्या दाराला लोंबकळणाऱ्यालाही लागू व्हायला हवा. त्यानेही अपेक्षा आखडलेल्याच असतात, तरी त्याचं आयुष्य जगण्याजोगं आहे का, असं कोणी विचारत नाही. तेव्हा दवाखाना लांब आहे हे ठामपणे म्हणावं, जगण्याचा निकाल देऊ नये, एवढी रेघ मला पुरेशी वाटत होती. पण या डोंगरपट्ट्यातली माणसं नारायणगावला मजुरीला उतरतात आणि पावसाच्या तोंडावर भातासाठी पुन्हा वर चढतात. हे परतणं पसंतीचं की नाइलाजाचं? त्यांनाही कदाचित दोन्ही वेगळे काढता येत नसतील. माझ्या जगण्यात मला तरी ते कुठे काढता येतात?