सावलीतलं तापमान

मे महिन्यात आमचा लॅपटॉप दुपारी एकला मान टाकतो. आधी आतला पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरतो, मग पडदा काळा. निदान करायला गल्ली हजर असतेच. भाचा म्हणाला, "मामा, रॅम वाढवा." शेजारचे काका म्हणाले, "कशाचं रॅम! बॅटरी गेली." मी बापड्यानं माहितीपुस्तिका उघडली. तीत लिहिलेलं : ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा. म्हणजे बीडमध्ये उन्हाळाभर तो शोभेलाच!

मग हवा किती तापली, यावर वाद. पेपरात ४१, भाच्याच्या मोबाइलवर ४३, काकांच्या अंगावर ४७. "आकडे दाबतात हो!" काका म्हणाले. वेधशाळेचा पारा झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत बसतो, असं मी सांगून पाहिलं.

"मग दोन दिवस माझ्या पत्र्याखाली बसवा म्हणावं त्याला!"

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. म्हणून सांगितलं, की आकडे चढेही निघतात. मे २०२४ मध्ये दिल्लीच्या मुंगेशपूरला ५२.९ अंश नोंदले गेले, नागपुरात एका स्वयंचलित केंद्रावर तर ५६! हवामान खात्यानं दोन्हीकडे यंत्राचा दोष सांगितला. काकांना हे लगेच पटलं. नागपूर बीडच्या पुढं जाईल कसं?

एवढ्यात आमच्या हिनं लॅपटॉप खिडकीतून उचलला आणि माठाशेजारी ठेवला. माठाच्या दुसऱ्या बाजूला काकांसाठी चटई टाकली.

संध्याकाळपर्यंत दोघंही चालू होते.