नो सूनर ते नॉट गिव्हन

‘नो सूनर’ने वाक्य सुरू झालं की पुढे ‘दॅन’ येतं, ‘व्हेन’ नाही. आमच्या पिढीतल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, एवढं तो सांगेल. पुढच्या आयुष्यात हे वाक्य त्याने कधी कुणाशी वापरलं का, ते मात्र विचारू नका. चिखलीच्या बाजारात, मलकापूरच्या स्टेशनावर, खामगावात कापसाचा भाव ठरवताना ‘नो सूनर’ची गरज कुणालाच पडली नाही. तरी ते पाठ होतं, कारण त्याला दहावीत एक गुण होता. त्या एका गुणावर ३४ की ३५ हे ठरायचं आणि ऑक्टोबरची वारी टळणार की घडणार हेही त्यावरच. मार्चमध्ये इंग्रजीत किंवा गणितात उडालेली मुलं ऑक्टोबरला पुन्हा बसायची. काहींची ही वारी इतकी वर्षं चालली की शेवटी घरच्यांनीच दप्तर माळ्यावर टाकलं आणि पोराला वखरामागे धाडलं.

मी दहावी केली ती ऐंशीच्या आसपास. बोर्ड नागपूरला होतं. आमच्या वडिलांच्या पिढीचं तर सगळंच नागपूरला, कारण १९५६ पर्यंत आमचा बुलढाणा जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर होती. त्या पिढीने तर्खडकरांची भाषांतरमाला गिरवली. मराठी वाक्य घ्यायचं, इंग्रजी करायचं. इंग्रजी घ्यायचं, मराठी करायचं. आमच्यापर्यंत येताना तर्खडकर कपाटात गेले होते. त्यांच्या जागी गाइड आलं होतं. ज्याचे वडील मास्तर किंवा तहसिलीत कारकून, त्याच्या घरी रेन आणि मार्टिनचं जाडजूड व्याकरण असायचं. यातला रेन म्हणजे फ्रेंच फॉरेन लीजनवर ‘बो जेस्ट’ नावाची गाजलेली कादंबरी लिहिणारा पी. सी. रेन. तो मुंबई इलाख्यात शिक्षण खात्यात नोकरीला होता. हे तेव्हा कळलं असतं तर त्या पुस्तकाची धास्ती जरा कमी झाली असती. वाळवंटातल्या लढाया लिहिणाऱ्या माणसानेच आपल्याला प्रिपोझिशनच्या तोंडी दिलंय, हे ऐकून निदान हसलो तरी असतो.

सरावाची रीत ठरलेली होती. प्रश्नाचं नाव ‘डू ॲज डायरेक्टेड’, म्हणजे सांगितलं तसं करा. ‘टू’ काढा. डिग्री बदला. व्हॉइस बदला. ‘नॉट ओन्ली, बट ऑल्सो’ वापरा. ‘अनलेस’ वापरा, पण मग ‘नॉट’ ठेवू नका. अवतरणचिन्हं काढा, ‘सेड टू’चं ‘टोल्ड’ करा, ‘टुमॉरो’चं ‘द नेक्स्ट डे’ करा. संध्याकाळी दिवेलागणीला अंगणात बसून ‘गो, वेन्ट, गॉन’ म्हणायचं. शेजारच्या ओट्यावरून त्याच सुरात ‘ब्रिंग, ब्रॉट, ब्रॉट’ ऐकू यायचं. ‘राम किल्ड रावण’ हे वाक्य तर हमखास. त्या वाक्यात रामाने रावणाला मारायचं आणि आम्ही लगेच ‘रावण वॉज किल्ड बाय राम’ करायचं. कर्ता मागे न्या, कर्म पुढे आणा, मध्ये ‘वॉज’, क्रियापदाचं तिसरं रूप, शेवटी ‘बाय’. बस्स.

या रीतीतली गोम अशी, की वाक्याचा अर्थ कळायची गरजच नव्हती. सरांनी एकदा फळ्यावर वाक्य दिलं, ‘द कमिटी ॲबॉलिश्ड द टॅक्सेस’. सगळ्या वर्गाने धडाधड व्हॉइस बदलला, एकही चूक नाही. मग सरांनी विचारलं, करांचं काय झालं? कुणी म्हणालं वाढवले, कुणी म्हणालं वसूल केले, मागच्या बाकावरून आवाज आला, ‘पास झाले.’ सर हसले नाहीत. खडू खाली ठेवला आणि म्हणाले, ‘तुमचं इंग्रजी पक्कं झालं, आता शिकायला लागा.’

हे सर घाटाखालचे होते. आमच्या जिल्ह्यात घाटावरचं आणि घाटाखालचं हा भेद कापसाच्या वेचणीपासून बोलण्याच्या ढंगापर्यंत सगळीकडे आहे. पुस्तक सांगायचं की चालू वर्तमानकाळ म्हणजे ‘तो खात आहे’. तसं आमच्यात कुणी बोलत नव्हतं. सर म्हणाले, ‘अरे, घरी आई काय म्हणते? पोरगं जेवून राह्यलं. तेच हे. ही इज ईटिंग. आणि सकाळपासून जेवूनच राह्यलं, तर ही हॅज बीन ईटिंग.’ पुस्तकाची चार पानं जे करू शकली नाहीत ते एका वऱ्हाडी वाक्याने केलं. तो काळ मी त्यानंतर कधी चुकलो नाही. मराठी माध्यमातल्या मुलांना इंग्रजी शिकवताना त्यांच्या तोंडची भाषा वर्गाबाहेर ठेवावी, असं म्हणणारे तज्ज्ञ पुढे बरेच भेटले. त्यांनी त्या वर्गात दहा मिनिटं बसायला हवं होतं.

आकलनाचा उतारा हा दुसरा प्रकार. त्याचं नाव ‘अनसीन पॅसेज’, म्हणजे न पाहिलेला. प्रत्यक्षात न पाहिलेलं काही डोळ्यांपुढे येऊ नये यासाठीच सगळी धडपड असायची. अपेक्षित प्रश्नसंचात पन्नासेक उतारे छापलेले असायचे. त्यातले यंदा कोणते येणार यावर फेब्रुवारीत इतक्या ठामपणे बोललं जाई की अक्षय तृतीयेला भेंडवळला घटमांडणी करून वर्षाचं भाकीत सांगणाऱ्यांनीही मान डोलवावी. एवढ्यावर निभावलं नाही तर युक्ती होती. प्रश्नातला ठळक शब्द घ्यायचा, तो उताऱ्यात हुडकायचा आणि ते अख्खं वाक्य उतरवून काढायचं. पाचातली तीन उत्तरं बरोबर निघायची. उताऱ्यात गांधीजींबद्दल होतं की मधमाश्यांबद्दल, हे पेपर देऊन बाहेर आल्यावर पुष्कळांना सांगता यायचं नाही.

खऱ्या आकलनाची परीक्षा घ्यायची ती तार. गावात तार आली की ती वाचता येणाऱ्याकडे धावत यायचे आणि नववी-दहावीतला पोरगा म्हणजे वाचता येणारा असं गृहीत धरलेलं असायचं. ‘फादर सीरियस स्टार्ट इमिजिएटली’. त्यात ना ‘ए’, ना ‘द’, ना ‘इज’. शब्दागणिक पैसे पडायचे म्हणून व्याकरण आधीच कापून टाकलेलं. आम्ही वर्षभर ज्या बारीकसारीक गोष्टींसाठी छड्या खाल्ल्या त्यांतली एकही त्या कागदावर नसायची. पण समोर उभी असलेली बाई पदर तोंडाशी धरून तुमच्याकडे बघत असायची आणि ‘सीरियस’चा अर्थ तिला कसा सांगायचा ते कोणत्याच गाइडात नव्हतं. २०१३ च्या जुलैत तारसेवा बंद झाली, तेव्हा पेपरांत गोड आठवणींचे रकाने आले. आमच्याकडे तारेची आठवण कुणी गोड म्हणून काढत नाही.

आता बघा. २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आलं. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना तो निर्णय झाला आणि तेव्हा त्यावर रण माजलं होतं. आम्ही पाचवीला ‘ए फॉर ॲपल’ म्हणायचो. आज मोताळ्याच्या झेडपी शाळेतली पोर दुसरीतच ‘मे आय कम इन’ म्हणून आत शिरते. सेमी इंग्रजीमुळे गणित आणि विज्ञान इंग्रजीत. दहावीला प्रश्नपत्रिका जाऊन कृतिपत्रिका आली. तिथे उताऱ्याखाली आधी साधी माहिती विचारतात, मग शब्द, मग दोन व्याकरणाच्या कृती आणि शेवटी ‘तुला काय वाटतं?’ हा शेवटचा प्रश्न मला फार आवडतो. आमच्या काळी बोर्डाला आम्हाला काय वाटतं याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. अर्थात, त्याचंही उत्तर आता गाइडात छापून मिळतं, हा भाग वेगळा.

आणि मोबाइल. माझी भाची व्याकरणाचा सराव त्यावर करते. तिच्या शेजारी बसून मी एकदा पाहिलं. वाक्यात रिकामी जागा, खाली चार पर्याय, बोट लावलं की हिरवं किंवा लाल. लाल झालं की कारणही येतं. सर घरी येऊन समजावतील तेवढं नीट नाही, पण रात्री साडेदहाला येतं, आणि कितीदाही विचारलं तरी त्याच्या कपाळाला आठी पडत नाही. हे छोटं नाही. माझ्या वर्गातली निम्मी मुलं सरांना विचारायला घाबरत होती म्हणून इंग्रजीत राहिली. मुली तर विचारतच नसत. ‘आमच्या वेळी शिक्षण पक्कं होतं’ म्हणणाऱ्यांनी पक्कं कुणाचं होतं आणि माळ्यावर दप्तर कुणाचं गेलं, याचा हिशेब एकदा करावा.

पण एक गोष्ट डोळ्यांत खुपते. भाची उतारा वाचत नाही. ती आधी प्रश्न वाचते, मग अंगठ्याने उतारा वर सरकवत शब्द शोधते. चाल आमचीच, फक्त झपाटा नवा. आम्ही निदान एका उताऱ्याशी अर्धा तास झटत असू; कंटाळून का होईना, मधमाश्यांचं दोन-चार ओळी वाचून व्हायचं. तिच्यापुढे उताऱ्यांना तोटा नाही, त्यामुळे कुठल्याच उताऱ्यापाशी थांबायचं कारण नाही.

ती हा सराव करते आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेसाठी. नर्सिंग झालं आहे, बाहेर जायचं आहे. शेगावला इंजिनीअरिंग कॉलेज १९८३ मध्ये निघालं तेव्हा बाहेर म्हणजे पुणे होतं. आता ते कार्डिफ, टोरांटो, मेलबर्न असतं. या परीक्षेत वाचनाला साठ मिनिटांत चाळीस प्रश्न. जगभर तीच परीक्षा. म्हणजे ज्या उताऱ्याशी आमची बुलढाण्याची पोर झुंजते, तशाच उताऱ्याशी चीनमधल्या चेंगदूची कुणी मुलगी झुंजत असते. या दोघींची दुखणी शेजारी मांडून पाहिली तर मजा वाटते. ‘ए’ आणि ‘द’ दोघींनाही छळतात, कारण मराठीत ते नाहीत आणि चिनीतही नाहीत. काळाच्या बाबतीत आपली मुलगी पुढे. ‘जाते, गेली, जाईल’ हे क्रियापद बदलणं तिच्या हाडात आहे. चिनीत क्रियापद काळाप्रमाणे रूप बदलतच नाही, त्यामुळे ‘वेन्ट’ कशाला हवं हेच आधी पटवावं लागतं. मात्र वाक्यातली जागा चिनी मुलीला घरबसल्या मिळते, कारण तिच्याही भाषेत कर्ता, मग क्रियापद, मग कर्म. आपलं क्रियापद शेवटी. आपल्याला इंग्रजी वाक्य प्रत्येक वेळी उचलून फिरवावं लागतं. आमच्या व्याकरणाच्या पुस्तकांत हे कधी कुणी सांगितलं नाही. चूक कुठे झाली ते लाल शाईत दिसायचं, का झाली ते कधीच नाही.

चीनमध्ये २०२१ च्या जुलैत सरकारने शालेय विषयांच्या नफेखोर शिकवण्यांवर बंदी आणली, इंग्रजीसह. पोरांवरचं ओझं कमी करायचं म्हणून. आमच्या जिल्ह्याच्या गावी एसटी स्टँडपासून चालत निघालात तर ‘स्पोकन इंग्लिश’, ‘फाउंडेशन’, ‘आयेल्ट्स’ असे फलक मोजताना बोटं पुरत नाहीत. बंदी इथे यावी असं मी म्हणणार नाही. पण यातल्या किती ठिकाणी मुलांच्या हाती एखादं पुस्तक देतात, नुसतं वाचायला, खाली प्रश्न नसलेलं, हे विचारून पाहिलं. बहुतेक ठिकाणी माझ्याकडे पालक असल्यासारखं नव्हे, तर वसुलीला आल्यासारखं बघितलं गेलं.

आयेल्ट्समधला एक पर्याय मात्र मला मनापासून पटला. विधान देतात आणि विचारतात, ‘ट्रू’, ‘फॉल्स’ की ‘नॉट गिव्हन’? तिसऱ्याचा अर्थ, उताऱ्यात याबद्दल काही म्हटलेलंच नाही. आमच्या परीक्षेत असा पर्याय कल्पनेतही नव्हता. विचारलंय म्हणजे उत्तर उताऱ्यात आहेच, ही आमची श्रद्धा होती. या तिसऱ्या पर्यायासाठी उतारा खरोखर वाचावा लागतो. तिथे अंगठ्याची चाल चालत नाही.

म्हणून मागे दिवाळीत मी स्वतःच एक उतारा लिहिला, लोणारच्या सरोवरावर. भाची आणि तिचा लोणारचा एक वर्गमित्र, दोघांपुढे ठेवला. सरोवराचा व्यास, बेसॉल्टचा खडक, उल्का, खारट पाणी, आणि एक ओळ अशी की १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या सरोवराची नोंद केली. खाली विधान दिलं, ‘१८२३ पूर्वी हे सरोवर कुणाला माहीत नव्हतं’. भाचीने थोडा वेळ घेतला, दोनदा वाचलं आणि लिहिलं, ‘नॉट गिव्हन’. मुलाने बघितलं न बघितलं आणि ‘फॉल्स’ ठोकून मोकळा झाला.

‘उताऱ्यात कुठे आहे?’ तिने विचारलं.

‘उताऱ्यात कशाला पाहिजे? आमच्या लोणारातलं दैत्यसूदनाचं जुनं देऊळ कुणी बांधलं मग, अलेक्झांडरने? आमचे आजे-पणजे त्या काठावर गुरं चारून राह्यले होते अन् त्यांना दिसलं नाही का सरोवर?’

‘अरे पण प्रश्न उताऱ्यावर आहे, तुझ्या आजोबांवर नाही.’

‘मग उतारा चुकला.’

उतारा मीच लिहिला होता, म्हणून मध्ये पडलो नाही. अर्धा तास ते इंग्रजीत भांडले, मधूनच वऱ्हाडीत घसरत, आणि त्या अर्ध्या तासात दोघांनीही तो उतारा चार-पाच वेळा तरी ओळ न् ओळ वाचून काढला. शेवटी मी दोघांनाही एकेक गुण दिला. आयेल्ट्समध्ये त्याला तो मिळाला नसता.