पाऊणपटीचा हिशेब

समुद्रावर जावे ते ऊन तापू लागल्यावर, असा आपल्याकडे एक रूढ समज आहे. वसईकरांना तर समुद्राचे अप्रूप असण्याचेही कारण नाही. तो आमच्या अंगणापासून सायकलच्या टप्प्यात आहे. तरीही २००८ सालच्या फेब्रुवारीत आम्ही दोन बिऱ्हाडांची मिळून दहा माणसे बोर्डीच्या किनाऱ्यावर राहावयास गेलो, आणि नेमक्या त्याच दिवसांत उत्तर कोकणात अशी थंडी पडली की पोहण्याचे कपडे पिशवीतून बाहेर निघालेच नाहीत. ८ फेब्रुवारीला मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत पारा ८.५ अंशांवर उतरला होता. २२ जानेवारी १९६२ रोजी तेथेच ७.४ अंशांची नोंद झाली होती, ती सोडली तर असे दिवस मुंबईकरांनी फारसे पाहिले नव्हते. मुंबईची ही कथा, तर तिच्याही उत्तरेस असलेल्या बोर्डीची काय असेल, ते वाचकांनी ताडावे.

ही सहल आईच्या हट्टामुळे निघाली. लग्नानंतरची पहिली तीन वर्षे तिने बोर्डीला काढली होती. वडील तेव्हा तेथे शिक्षक होते. वडील गेल्याला दीड वर्ष होत आले होते, आणि त्या दीड वर्षात दादा आणि आम्ही यांच्यात वाडीच्या वाटणीवरून जे व्हायचे ते सर्व होऊन चुकले होते. अठरा गुंठे वाडी, मध्ये विहीर. विहीर कोणाच्या वाट्याला, एवढाच मूळ प्रश्न. पण प्रश्न लहान असला की माणसे मोठ्या आवाजात बोलतात, असा आमचा अनुभव आहे. वकिलाकरवी नोटीस आम्हीच धाडली होती, हे येथे लिहिणे प्राप्त आहे. त्यानंतर दादा कुवेतहून फोन करी तो आईला. आमची चौकशी करी तीही आईकडेच. एका घराच्या मधोमध विटांची भिंत उभी राहिली, आणि आईने आपली खाट कोणत्याच बाजूला न टाकता ओटीवर टाकली.

दादा रजेवर आला तेव्हा आईने दोघांनाही वेगवेगळे गाठून एकच वाक्य सांगितले : "मला बोर्डीचा समुद्र दाखवा, दोघे मिळून." कारण विचारण्याची कोणाची छाती झाली नाही.

मुहूर्तही आडवाच निघाला. त्या वर्षी ईस्टर २३ मार्चला, म्हणजे फारच लवकर आला होता. राखेचा बुधवार ६ फेब्रुवारीला. कपाळावरची राख पुसली जाते न जाते तोच सहलीला निघणे वहिनींना रुचले नव्हते. पण दादाची रजा बारा तारखेला संपत होती. तेव्हा गुरुवारी निघून शनिवारी रात्री परतायचे, रविवारच्या मिस्साला आपल्या देवळात हजर राहायचे, आणि तोवर मांसमच्छी नाही, या अटींवर तडजोड झाली. मुलांची दोन दिवस शाळा बुडाली, याबद्दल मात्र कोणीही अट घातली नाही.

पॅसेंजर गाडीने घोलवडला उतरलो तेव्हा दुपार होती. सुरूच्या बनामागे एका बागायतदाराच्या घरातील समोरच्या दोन खोल्या आम्ही घेतल्या होत्या, खिडक्यांतून थेट समुद्र दिसेल अशा. त्या संध्याकाळी खिडक्यांतून समुद्राखेरीज जे आत आले त्याचे वर्णन काय करावे! उत्तरेकडून कोरडा, चिरत जाणारा वारा सुटला होता. हिमालयात बर्फ पडून गेले की त्यामागून येणारी थंड हवा गुजरात ओलांडून आपल्यापर्यंत पोहोचते, हे भूगोलात शिकलो होतो; ती दाराच्या फटीतून पायाला लागते तेव्हा भूगोल निराळाच वाटतो. वाळू उडून तोंडावर येत होती. मुले पाण्यात शिरली आणि पाच मिनिटांत निळ्या ओठांनी परत आली. आमची धाकटी तर रडतच म्हणाली, "हा कसला समुद्र!"

रात्री मुक्काम हलवावा लागला. घरमालकांनी मोठ्या मनाने आपली आतली, बिनखिडकीची खोली दिली. एरवी तीत चिकूच्या करंड्या ठेवीत. दहा माणसे आणि पांघरुणे सात. आईने वाटणी केली. तिच्या वाटणीला वकील लागला नाही. मुलांना दोघादोघांत एक चादर, वहिनी आणि आमच्या सौभाग्यवती यांना मिळून एक, स्वतःला शाल. आणि सर्वांत जाड, जुनी गोधडी तिने आमच्या दोघांच्या अंगावर टाकली. लहानपणी आम्ही एकाच गोधडीत झोपत असू. त्या रात्रीही झोपलो, पाठीला पाठ लावून, मध्ये वारा शिरू नये एवढ्याच बेताने. कोणी काही बोलले नाही. दादाचे घोरणे मात्र वडिलांसारखे झाले आहे, हे ध्यानात आले.

थंडी पडली म्हणजे समुद्राची सुटी वाया गेली, असे मानणाऱ्यांसाठी आता थोडे तपशिलाने लिहावेसे वाटते, कारण पुढील दोन दिवसांत आम्हांला समुद्राविषयी जे कळले ते वसईत जन्म काढूनही कळले नव्हते.

पोहायचे नसले की समुद्राची वेळ पाहावी लागते. आमच्या किनाऱ्यावर त्यासाठी एक जुना हिशेब आहे. वडिलांनी तो बोर्डीच्या मांगेला मच्छीमारांकडून उचलला होता. तिथीची पाऊणपट करावी, येईल त्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाला भरती. अमावास्येला आणि पौर्णिमेला ती बाराच्या आसपास. भरतीनंतर सहा तासांहून थोड्या अधिक वेळाने ओहोटी. चंद्र दररोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढी मागे पडते. हिशेबातली पाऊण तासाची पायरी ती हीच. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी फार चढते आणि फार उतरते, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास दोन्ही बेताचे, तो भांग.

येथे एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. ईस्टर येतो तो २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरच्या पहिल्या रविवारी. तेथून शेहेचाळीस दिवस मागे मोजले की राखेचा बुधवार. म्हणजे हा बुधवार दरवर्षी अमावास्येच्या आगेमागेच पडणार, फार तर चार-पाच दिवस पुढे. आपण कपाळाला राख लावून घेतो त्या दिवसांत समुद्र बहुधा उधाणाला आलेला असतो. इतकी वर्षे दोन्ही गोष्टी डोळ्यांसमोर होत्या, पण त्यांची सांगड घालण्याचे कधी सुचले नव्हते.

तर शुक्रवारी प्रतिपदा. भरती पाऊण वाजता, म्हणजे ओहोटी पहाटे पावणेसातच्या सुमारास. अडचण अशी की ऊन अंगाला बरे वाटू लागे तोवर पाणी सुरूंच्या दिशेने चढत येई, आणि समुद्राचा तळ उघडा पडे तो नेमका दात वाजण्याच्या वेळी. घरमालकांनी चहा पाजला, मुलांना कानटोप्या आणि चादरी गुंडाळल्या, आणि अंधारातच ही वरात निघाली. बोर्डीचा किनारा अत्यंत उथळ उताराचा; ओहोटीला पाणी इतके मागे जाते की ते प्रथम दिसतच नाही, नुसते ऐकू येते. ओल्या वाळूवर लाटांनी पाडलेल्या वळ्या, खळग्यांत अडकलेले इवले मासे, स्क्रूसारखे पीळदार शंख, आणि सूर्य थोडा वर आल्यावर बिळांतून निघालेले चिमुकले खेकडे. हे खेकडे वाळू तोंडात घालून तिच्यातील अन्न काढून घेतात आणि उरलेल्या वाळूची मोहरीएवढी गोळी बाहेर टाकतात. बघता बघता बिळाभोवती गोळ्यांची रांगोळी होते. मुले उकिडवी बसून ती पाहत राहिली. चादरी चिखलात लोळत होत्या. त्या दिवशी कोणी रागावले नाही.

मग धाकटीने पाण्याच्या कडेला पाय बुडवला आणि ती किंचाळली, "पाणी गरम आहे!" आम्ही सर्वांनी चपला काढल्या. खरेच होते. हवा एका रात्रीत निवते, समुद्र इतक्या सहजी निवत नाही. त्या पहाटे तो हवेपेक्षा कितीतरी उबदार होता. हुडहुडी भरते ती पाण्याबाहेर आल्यावर, ओल्या अंगाला वारा लागून. म्हणून आम्ही पोटऱ्यांपर्यंत पाण्यात उभे राहिलो, वरून गुंडाळलेले आणि खालून उघडे, दहा बगळ्यांसारखे. आईने लुगडे हातभर वर धरले होते.

तेथेच दादाने काठी घेऊन मुलांना वाळूवर तो हिशेब शिकवावयास आरंभ केला. "उद्या द्वितीया. दोनाची सव्वापट..." असे म्हणून तो अडीच लिहू लागला.

"पाऊणपट. सव्वा नव्हे," आमच्या तोंडून निघून गेले.

दीड वर्षातला आमचा हा पहिला शब्द. दादाने वर पाहिले, मग अडीच पायाने पुसून दीड लिहिले. "शाळेतही तू असाच मध्ये बोलायचास," तो म्हणाला. आई पलीकडे शंख वेचत होती. तिने ऐकले असावे, कारण ती मुळीच वळली नाही.

दुपार चिकूच्या वाडीत गेली. घोलवडचा चिकू आपण करंडीत पाहतो. झाडावर तो पाहण्यास हेच दिवस चांगले. टोकाला जाळी बांधलेल्या बांबूने फळ अलगद उतरवायचे, त्याचा चीक पुसायचा, आणि पिकण्यासाठी थांबायचे. (या चिकूला पुढे २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले.) वारली चित्रांचा एक प्रयोग मुलांनी गेरू आणि तांदळाच्या पिठाने घरमालकांच्या कुडावर केला, त्याविषयी अधिक न लिहिलेले बरे. कोसबाडच्या टेकडीवर जायचे राहून गेले, याची चुटपुट मात्र आजही आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, ते पुढे कोसबाडला नेले, आणि अनुताई वाघांनी ते जन्मभर चालवले. शिंपा, बिया, खडे, पाने हीच तेथल्या बाळांची खेळणी. आईने अनुताईंना मुलांमागून चालताना पाहिले होते. "आपली पोरे आज सकाळी तेच तर करीत होती," एवढेच ती म्हणाली.

संध्याकाळी उकडहंडी लावली. शुक्रवार असल्याने अंडे-कोंबडीचा प्रश्नच नव्हता : कोनफळ, रताळी, वालाच्या शेंगा, शेवग्याच्या शेंगा, बटाटे, लसणीची हिरवी पात, ओवा, मीठ. मडक्यात भरून तोंड पाल्याने दाबून बंद केले, ते उपडे ठेवले आणि भोवती गोवऱ्या-काटक्यांचा जाळ केला. हे पदार्थ घरात करायचे नव्हेत. त्याला अंगण लागते, थंडी लागते, आणि कामाला नको इतकी माणसे लागतात. जाळाभोवती सगळे बसले. मडके नीट शिजले की नाही हे ओळखण्यासाठी वडील त्यावर पाण्याचे थेंब टाकून चुर्र आवाज ऐकत. दादाने थेंब टाकले. "झालं?" त्याने आम्हांला विचारले. "आणखी पाच मिनिटं," आम्ही म्हणालो. झाले होते, पण त्याने ऐकले. कोनफळे तळाशी थोडी करपली.

शनिवारी बहरोटचा डोंगर. संजाण पडल्यानंतर पारशी बांधवांनी आपला पवित्र अग्नी बारा वर्षे या डोंगरातील गुहांत जपला, अशी त्यांची परंपरा सांगते. आज तो उदवाड्याला आहे. एरवी ही चढण घामाघूम करते. त्या दिवशी वरपर्यंत कोणाला पाणी आठवले नाही. आई खाली राहिली. वर वाऱ्यात उभे असताना दादाने समुद्राकडे पाहत म्हटले, "विहीर मध्येच राहू दे. दोघांची." आम्ही बरे म्हणालो. वाडीचे बाकीचे कागद व्हायला पुढे तीन वर्षे लागली, आणि त्यात आणखी दोन वेळा आवाज चढले. पण विहिरीवर पुन्हा कोणी बोलले नाही.

परतताना प्रत्येक बिऱ्हाडाला घरमालकांनी पिशवीभर कच्चे चिकू दिले. थंडीमुळे ते लवकर पिकेनात. पिकले तेव्हा दादा कुवेतला पोहोचला होता. त्याच्या वाट्याचे चिकू वहिनींनी मोजले, आणि निम्मे भिंतीवरून आमच्याकडे धाडले.