व्होल्टेज भागिले करंट आणि एक जळालेली मोटार



आज एका चुकीबद्दल लिहितेय. चूक माझीच आहे.

मी मुळशी तालुक्यात, धरणाच्या काठावरच्या शाळेत शिकवते. ओहमचा नियम काही सातवीला नाही, तो पुढच्या वर्गांचा. पण गेल्या उन्हाळ्यात सातवीतल्या एका मुलानं विचारलं, "मॅडम, संध्याकाळी आमच्या वाडीतला बल्ब मेणबत्तीसारखा का होतो?" आता यावर "पुढे शिकाल" असं कसं सांगणार? तुम्हीही सांगितलं नसतं.

मग पुण्याला गेले तेव्हा तपकीर गल्लीतून एक मल्टीमीटर आणला. टॉर्चचा बल्ब, दोन सेल, वायर. (घरातल्या विजेला मुलांनी हात लावायचा नाही, हे आधी तीनदा बजावलं.) दोन सेलवर मीटरनं ३ व्होल्ट आणि ०.३ अँपिअर दाखवले. फळ्यावर लिहिलं: रोध म्हणजे व्होल्टेज भागिले करंट, ३ ÷ ०.३ = १० ओहम. शक्ती म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट, ३ × ०.३ = ०.९ वॅट. भागाकार-गुणाकारच तो, मुलं खूश.

मग एक सेल काढला. दीड व्होल्टला ०.१५ अँपिअर यायला हवा होता, आला ०.२. म्हणजे रोध साडेसात ओहम. "मीटर बिघडलाय," असं म्हणून मी पुढे गेले. मीटर ठीक होता. बल्बची तार कमी तापली की तिचा रोधही कमी होतो, हे मला नंतर वाचल्यावर कळलं. तिथंच थांबून "हा १० ओहम कायमचा नाही बरं का" असं म्हणायला हवं होतं. मी फळा पुसला आणि वाक्य दिलं: व्होल्टेज कमी, तर करंट कमी.

आठवड्याभरानं त्याच मुलाचे वडील शाळेत आले. विहिरीवरची एक एचपीची मोटार जळाली होती. "मॅडम, व्होल्टेज कमी होतं म्हणून मी बंद करत होतो. पोरगं म्हणालं, व्होल्टेज कमी तर करंट पण कमी, काही होत नाही. मॅडमनी शिकवलंय." आवाजात राग नव्हता, त्यामुळे जास्तच लागलं. वांगी-मिरचीचं उन्हाळी पीक पाण्यावाचून उभं होतं आणि मोटार बांधायला रोख पैसे. मुलगा दोन दिवस शाळेत आला नाही.

मोटार बांधून आली तेव्हा मी वाडीत गेले. जोडण्याआधी वायरमननं गुंडाळीचा रोध मोजला, ३ ओहमच्या आसपास. आता माझ्या सूत्रानं २३० भागिले ३, म्हणजे ७६ अँपिअर! प्रत्यक्षात सकाळी चांगल्या व्होल्टेजला क्लॅम्प मीटरनं दाखवले ६. मुलगा माझ्याकडे बघायला लागला. कारण असं, की फिरणारी मोटार आतल्या आत उलटा दाब तयार करते आणि तोच करंट अडवून धरतो. व्होल्टेज घसरलं तरी पाण्याचं ओझं तेवढंच राहतं. मोटार मंदावते, उलटा दाब कमी होतो आणि करंट वाढतो. संध्याकाळी १७० व्होल्टला वायरमननं अगदी थोडा वेळ चालवून दाखवली, तर ९ अँपिअर!

गुंडाळीतली उष्णता करंटचा वर्ग गुणिले रोध एवढी. ६ चा वर्ग ३६, ९ चा ८१. सव्वादोन पट. हे त्या मुलानंच मातीत काडीनं करून दाखवलं. बल्बला कमी व्होल्टेज म्हणजे नुसता अंधार, मोटारीला मात्र ताप. हे एक वाक्य मी वर्गात बोलले असते तर!

मूळ प्रश्न राहिलाच होता, व्होल्टेज कमी का? त्या संध्याकाळी ट्रान्सफॉर्मरपाशी २३० व्होल्ट होते आणि जवळपास किलोमीटरभर लांब वाडीत १७०. लाइनवर करंट ३० अँपिअर. मधले ६० व्होल्ट तारेनंच खाल्ले. ढोबळमानानं तारेचा रोध ६० ÷ ३० = २ ओहम, आणि वाया जाणारी शक्ती ६० × ३० = १८०० वॅट. नऊ वॅटचे दोनशे एलईडी पेटले असते हो तेवढ्यात!

एक मुलगी म्हणाली, "वीज तर आपल्याच धरणाची ना?" मुळशीचं पाणी बोगद्यातून कोकणात भिऱ्याला उतरतं. तिथे १९२७ पासून वीज तयार होते आणि ती मुंबईकडे जाते. या धरणात जमिनी जाणार म्हणून १९२१ साली इथे सत्याग्रह झाला, सेनापती बापट त्यात होते, हे मुलांना घरातूनच माहीत असतं. मग मुंबईपर्यंत वीज तारेत संपत कशी नाही? कारण ती एक लाख व्होल्टच्या घरात पाठवतात. दाब दहापट केला की तेवढ्याच शक्तीला करंट दहावा भाग पुरतो, आणि त्याच तारेतला तोटा शंभरावा भाग. म्हणजे आमच्या वाडीलाही ११,००० व्होल्टची लाइन आत आणून ट्रान्सफॉर्मर जवळ बसवला तर काम होईल. सहा-सातवीची मुलं हिशेबानं तिथवर आली, मी फक्त खडू पुरवला.

ग्रामस्थांच्या अर्जाला मुलांनी हे गणित आणि पंधरा दिवसांच्या नोंदी जोडल्या आहेत. नोंदी वायरमननं लावून दिलेल्या भिंतीवरच्या व्होल्टमीटरच्या. ट्रान्सफॉर्मर अजून आलेला नाही. वडील आता पहाटे पाचला मोटार लावतात, आणि मुलगा संध्याकाळी सातला वहीत आकडा लिहितो. परवाचा होता १७८.