मुशैरिबचा पाळणा आणि खिशातला फोन



पेसाहची साफसफाई करताना कपाटाच्या खणात नातवाचा एक जुना फोन सापडला. चार्जिंगला लावला तर चक्क चालू झाला! आत आमच्या कतारच्या सफरीचे फोटो होते. समुद्र, मेट्रो, ट्राममध्ये बसलेली मी आणि नात, सगळं होतं. फक्त एक व्हिडिओ नव्हता. तो का नाही हे मला चांगलं ठाऊक आहे. मुलांना उपयोगी पडेल असं काहीतरी लिहा, असं पत्रिकेकडून नेहमी सांगणं असतं, म्हणून आज तीच हकीकत लिहिते.

२०२२ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कतारमध्ये फुटबॉलची जागतिक स्पर्धा झाली. आपल्या पासपोर्टवर तिकडे एरवी जाता येत नाही, पण त्या स्पर्धेपुरती तेल अवीवहून दोहाला थेट विमानं सोडली होती. मुलाने तिकिटं काढली आणि म्हणाला, "आई, तूसुद्धा चल, मुलांकडे बघायला कोणीतरी हवं." सामन्याचं तिकीट असेल त्याला हय्या कार्ड मिळायचं आणि ते कार्ड असेल तरच देशात प्रवेश. त्यामुळे बहात्तराव्या वर्षी मीही स्टेडियममध्ये बसून फुटबॉल पाहिला. कळलं काही नाही, पण टाळ्या भरपूर वाजवल्या.

आम्ही दोहात सगळ्यात जास्त हिंडलो ते मुशैरिबमध्ये. हा शहराचा जुना मध्यभाग. मुशैरिब म्हणजे पाणी पिण्याची जागा. इथेच कहरबा स्ट्रीट म्हणजे विजेचा रस्ता आहे. दोहात वीज पहिल्यांदा ह्या रस्त्यावर आली म्हणून हे नाव. मधल्या काळात इथे आपल्या भारतातले, नेपाळचे, बांगलादेशचे कामगार दाटीवाटीने राहत असत. २०१० पासून जुनी वस्ती हटवून नवं मुशैरिब बांधलं. गल्ल्या मुद्दाम अरुंद ठेवल्या आहेत, म्हणजे सावली पडते आणि वारा खेळतो. चार जुने वाडे राखून त्यांची संग्रहालयं केली आहेत. त्यातल्या बिन जलमूदच्या वाड्यात गुलामगिरीचा इतिहास मांडला आहे. कतारमध्ये गुलामगिरी १९५२ साली बंद झाली, म्हणजे माझ्या जन्मानंतर! जमिनीखाली मेट्रोचं मोठं स्टेशन आहे. लाल, हिरवी आणि सोनेरी अशा तिन्ही लाइनी तिथे एकत्र येतात. वर एक छोटी ट्राम गोल फिरते, तिला तिकीट नाही. माझे गुडघे तिच्यावर फार खूश होते.

ह्याच मुशैरिबमध्ये दोहा ओॲसिस नावाच्या मोठ्या इमारतीत 'दोहा क्वेस्ट' हा पार्क आहे. सगळा छपराखाली. बंद इमारतीतला जगातला सर्वांत उंच रोलर कोस्टर तिथे आहे, आणि वर नेऊन धाडकन खाली सोडणारा सर्वांत उंच मनोरासुद्धा. दोन्हींची गिनीज बुकात नोंद आहे. मुलांना ह्याचा पत्ता दोहात उतरण्याआधीच लागला होता. मग काय, सामन्यापेक्षा ह्याचीच घाई.

मला आपली चौलची जत्रा आठवली. सातवीपर्यंत मी रेवदंड्याला होते, पुढे मुंबईला मामांकडे राहून माझगावच्या सर एली कदूरी शाळेत शिकले. दत्तजयंतीला चौलच्या डोंगरावर जत्रा भरायची. खाली लाकडी पाळणा असायचा, चार पेट्यांचा, दोन माणसं हाताने ढकलायची. तेवढ्यातसुद्धा आमचा जीव वर-खाली व्हायचा. पलीकडे फोटोवाल्याचा तंबू. पडद्यावर विमान रंगवलेलं, त्याच्यापुढे बसायचं. "हलू नका, हसा," म्हणून तो काळ्या कापडात डोकं घालायचा. पाळणा वेगळा आणि फोटो वेगळा होता. पाळण्यात ओरडायचं ते ओरडून घ्यायचं, मग केस विंचरून, फ्रॉक सारखा करून फोटोला बसायचं. आता दोन्ही एकाच वेळी हवं असतं, आणि गडबड इथेच होते.

मी खाली बाकावर पर्स, जाकिटं आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसले. मुलगा धाकटीला घेऊन खाऊ आणायला गेला होता. नातू तेरा वर्षांचा, तो एका राइडच्या रांगेत एकटाच उभा राहिला. राइडवरचा कर्मचारी केरळचा होता. इंग्रजीत आणि मग हिंदीत त्याने दोन-दोनदा सांगितलं, "खिसे रिकामे करा, फोन इथे ठेवा." सगळ्यांनी ठेवले. आमच्या नातवाने फोन बाहीत लपवला.

परत आला तो हसतच. "आजी, बघ!" मराठीत त्याला एवढंच नीट येतं, पुढचं सगळं हिब्रूत. वीस सेकंदांचा व्हिडिओ होता. हात लांब करून त्याने स्वतःला टिपलं होतं. पण त्याच्या शेजारच्या खुर्चीत एक बाई होती. डोळे गच्च मिटलेले, तोंड उघडं, गालांवर पाणी, डोक्यावरचा रुमाल सरकून मानेवर आलेला. नातू खरं म्हणजे तिलाच पाहून हसत होता. "वर्गाच्या ग्रुपवर पाठवलासुद्धा," म्हणाला.

मी आधी फोनवरून ओरडले. चाळीस वर्षं नर्सिंग केलं, त्यातली बरीच तातडीच्या विभागात. तिथे काय काय पाहिलं ते मुलांना सांगण्यासारखं नाही. फोन दोनशे ग्रॅमचा असतो. पन्नास मीटरवरून सुटला तर, हवेचा अडथळा धरला नाही तर, जमिनीवर येईपर्यंत त्याला ताशी ११० किलोमीटरचा वेग येतो. खाली कोणाचा डोळा असेल, कोणाचं बाळ असेल. २०१९ मध्ये स्पेनच्या पोर्ट अॅव्हेंच्युरा पार्कात एकाचा फोन रोलर कोस्टरवर हातातून सुटला आणि मागच्या डब्यातल्या माणसाने हवेतच झेलला. लोकांनी तो व्हिडिओ जगभर कौतुकाने पाहिला. मी पाहिला तेव्हा मनात आलं, झेलला नसता तर कपाळावरच बसला असता. शिवाय एक हात फोनला दिला की दांडा एकाच हाताने धरलेला असतो, मान वाकडी असते. अशा झटक्यात खांदा निखळू शकतो.

नातू खाली मान घालून ऐकत होता. तेवढ्यात ती बाई आली. रुमाल आता नीट बांधला होता, सोबत पाच-सहा वर्षांची मुलगी. हिंदीत विचारलं, "बेटा, तुमने मेरा वीडियो निकाला क्या?" त्याला काही कळलं नाही. मुलगी हात सोडून पळायला लागली तशी ती मागे वळून म्हणाली, "थांब गो, इथंच उभी रहा."

मी म्हटलं, "तुम्ही मराठी?"

ती बघतच राहिली. म्हसळ्याची निघाली. नवरा दहा-बारा वर्षं दोहात नोकरीला, ती दोन वर्षांपूर्वी आलेली. "आणि आजी, तुम्ही कुठच्या?" मी सांगितलं, "मूळच्या रेवदंड्याच्या. आता इस्रायलला असतो." ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "रेवदंडा म्हणजे आमच्या जिल्ह्यातलंच की. माझी आजी शनवार तेल्यांची नावं घ्यायची." वाचकहो, परमुलखात आपल्याला कोणी 'शनवार तेली' म्हटलं की काय वाटतं, ते तुम्हाला सांगायला नको.

मग ती हळूच म्हणाली, "आजी, त्याला सांगा ना, तो पुसून टाक म्हणून. पोरीने हट्ट केला म्हणून बसले हो. वर गेल्यावर इतकी घाबरले, रुमाल कुठे गेला ते कळलं नाही. माझा असा चेहरा कोणी बघितला तर... गावाकडे सासू-सासरे आहेत, दीर आहेत. सगळ्यांकडे फोन आहेत."

मी नातवाला सांगितलं. तो म्हणाला, "पण आजी, तोच भाग सगळ्यात भारी आहे! आणि तिला इथे कोण ओळखतं?"

मी म्हटलं, "आत्ता मी ओळखलं ना."

त्याने व्हिडिओ पुसला. पुसलेलं जिथे जमा होतं तिथूनही काढायला लावला. ग्रुपवरून सगळ्यांसाठी काढला. पण तोपर्यंत चार मुलांनी तो उघडला होता. मी त्याला चौघांनाही फोन करायला लावले. तिघे लगेच म्हणाले, आमच्याकडे नाही. चौथा म्हणाला, काढून टाकतो. त्याने काढला का, ते आजतागायत कळलेलं नाही. ती बाई "शुक्रिया आजी" म्हणून गेली, पण जाताना तिचा चेहरा काही मोकळा नव्हता. पाठवलेली गोष्ट पुरती परत घेता येत नाही, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

रात्री हॉटेलवर नातू रुसून बसला. तेव्हा त्याला त्याच्या पणजीची गोष्ट सांगितली. ती तुम्हालाही सांगते. १९६९ साली आम्ही लोदच्या विमानतळावर उतरलो. माझी आई शिडीवरून उतरता उतरता रडू लागली. पदर खांद्यावरून घसरलेला, केस विस्कटलेले, विमानात रात्रभर उलट्या झालेल्या. समोर एक फोटोग्राफर उभा होता. त्याने फोटो काढला, नाव-गाव काही विचारलं नाही. वर्षा-दीड वर्षाने एका संस्थेच्या पुस्तिकेत तो फोटो छापलेला दिसला. आईला हिब्रू वाचता येत नव्हतं. मी उलपानात शिकले होते, मी वाचून दाखवलं. खाली लिहिलं होतं, 'आनंदाश्रू'. आई रेवदंड्याला ठेवून आलेल्या आपल्या आईसाठी रडत होती. पुन्हा भेट होणार नाही हे तिला माहीत होतं, आणि झालीही नाही. आई एवढंच म्हणाली, "विचारलं असतं तर पदर तरी सारखा केला असता गं."

नातू काही बोलला नाही. पण दुसऱ्या दिवशी ट्राममध्ये बहिणीचा फोटो काढण्याआधी त्याने समोरच्या माणसाकडे बघून खूण केली, "काढू का?" तो माणूस हसून बाजूला सरकला. सुरुवातीला म्हटलेला ट्राममधला फोटो तो हाच.

कायद्याचंही सांगते, कारण पुष्कळांना हे माहीत नसतं. कतारमध्ये २०१७ च्या दुरुस्तीनंतर अपघातातल्या जखमींचे किंवा मृतांचे फोटो संमतीशिवाय काढले तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रियालपर्यंत दंड आहे. हे वाचून माझ्यातल्या नर्सला बरं वाटलं, कारण रुग्णाच्या खाटेभोवती कॅमेरे घेऊन उभी राहणारी माणसं मी पाहिली आहेत. २०२५ मध्ये तिथे आणखी एक कलम आलं: सार्वजनिक जागेत असलेल्या माणसाचा फोटो किंवा व्हिडिओ त्याच्या संमतीशिवाय इंटरनेटवर पसरवला तर एक वर्षापर्यंत कैद, एक लाख रियालपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आपल्याकडे इस्रायलमध्येही १९८१ चा कायदा आहे. माणसाला खाली मान घालावी लागेल अशा स्थितीतला त्याचा फोटो प्रसिद्ध केला, तर तो त्याच्या खासगीपणाचा भंग धरला जातो. पण मुलांनो, पोलीस पकडतील म्हणून नव्हे, तर त्या बाईसाठी आणि माझ्या आईसाठी हे लक्षात ठेवा.

आता सुट्टीत कोणी रिशोनच्या सुपरलँडला जाल, कोणी आजोळ बघायला भारतात गेलात तर खोपोलीच्या इमॅजिकाला जाल. जरूर जा, मनसोक्त ओरडा. फक्त आजीचं एवढं ऐका.

राइडवर चढण्याआधी फोन खाली ठेवा, नाहीतर खाली उभ्या असलेल्या माणसाकडे द्या. आजी बाकावर बसलेली असतेच, तिला तेवढंच काम. कर्मचारी 'नको' म्हणाला की बाहीत लपवू नका. त्याला तुमची मजा घालवायची नसते. काही झालं तर आधी त्यालाच धावावं लागतं. फोटो हवा असेल तर चढण्याआधी काढा, उतरल्यावर काढा. बऱ्याच पार्कांत राइडवरचा फोटो काढायला त्यांचाच कॅमेरा बसवलेला असतो. तुमचा फोटो पसंत पडला तर विकत घ्या. रांगेत उभं राहून व्हिडिओ काढताना मागच्यांना खोळंबून ठेवू नका. दुसऱ्याचा चेहरा आला तर विचारा. विचारायची सोय नसेल तर काढू नका. आणि भ्यालेल्या, रडणाऱ्या किंवा उलटी करणाऱ्या माणसाचा फोटो तर कधीच नको, मग तो तुमचा सख्खा भाऊ असला तरी. आधी त्याला पाणी द्या.

मोठ्यांसाठीही एक शब्द. आपणही लग्नात, मलिद्यात, नातवंडांच्या वाढदिवसाला सारखे फोन उगारतो. बाळ रडायला लागलं की आधी व्हिडिओ आणि मग कडेवर. मुलं ते आपल्याकडूनच शिकतात.

त्या म्हसळ्याच्या बाईचं नाव विचारायचं माझ्याकडून राहून गेलं. तिची मुलगी आता शाळेत मोठ्या वर्गात असेल. नातू लवकरच सैन्यात जाईल. त्याला मी सापडलेला फोन दाखवला. त्याने सगळे फोटो पाहिले, मग म्हणाला, "आजी, त्या चौथ्याला मी अजून एकदा विचारतो."

सर्वांना शालोम आणि उत्तम आरोग्य.